दुसरी ओळ

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, देवाने हिला पायाला भिंगरी लावूनच पाठवलंय. वॉर्डात होते तेव्हा मोठ्या सिस्टर ओरडायच्या, "स्वल्प निल्लम्मा, जरा थांब की गं!" आणि अशा बाईच्या नशिबी काम कुठलं आलं, तर ज्यांना आता कुठेच जायची घाई नाही अशा माणसांच्या उशाशी बसायचं. ज्यांचे उपचार थांबलेत, डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलंय, त्यांच्या घरी आम्ही जातो. दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, पडून पडून पाठीला व्रण झालेत का बघायचं, घरच्यांना सगळं शिकवायचं. एक व्हॅन, एक ड्रायव्हर अण्णा, मी आणि माझी भलीमोठी पिशवी. दिवसाला चार-पाच घरं. अर्धा जीव पेशंटपाशी आणि अर्धा खाली उभ्या व्हॅनमध्ये, अशीच मी पहिल्या दिवसापासून काम करत आलेय.

बेंगळुरात मल्लेश्वरमच्या एका घरात माझ्याकडून एक ओळ लिहायची राहिली, ती या भिंगरीपायीच. ते सांगायला म्हणून आता बसले, तर एवढ्यात दोनदा उठून झालंय.

त्या घरात दोघंच होती, काका आणि काकू. मूलबाळ नाही. काका मूळचे सांगलीकडचे, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांच्याकडे कामगारांच्या सुरक्षेचं खातं होतं. कुठल्या मशीनजवळ कुठली पाटी लावायची, त्यावर काय लिहायचं, हे काका ठरवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी तो कारभार घरी आणला. न्हाणीघरात चिठ्ठी: 'गीझर दहा मिनिटे. बंद केल्याची खात्री करावी.' ओट्याच्या वर: 'दूध एकच उकळी.' दारापाशी: 'पायरी आहे.' पायरी आहे हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं? पण चिठ्ठी होती. सगळ्या चिठ्ठ्या एका मापाच्या, सुवाच्य, खाली तारीख घातलेल्या.

पहिल्या दिवशी मला हसूच आवरेना. काकू म्हणाल्या, "हसा, हसा. बेचाळीस वर्षं मी यांच्या पाट्यांवर चालतेय. भिंतीवर लागलं की विषय संपला, मग वाद नाही." आणि ते खरंच होतं. एकदा काकांना पुसायला गरम पाणी हवं होतं, आठ मिनिटांत ते चांगलं कढत झालं, मी गीझर बंद करायला गेले तर काकू म्हणतात, "अजून दोन मिनिटं आहेत." मी म्हटलं, "अय्यो काकू, पाणी चिठ्ठी वाचतं का?" त्यांनी हसून मान हलवली, पण दोन मिनिटं जाऊ दिली.

त्या घराचा मला लळा लागला, त्याला आणखी एक कारण होतं. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण त्यात निम्मी कानडी. काकूंना माझ्या बोलण्याची भारी गंमत वाटायची. "कानडी फोडणीचं मराठी आहे हो तुमचं, पण गोड लागतं," म्हणायच्या. दिवसभर कानडी, हिंदी, तमिळ बोलून जीभ शिणलेली असायची. त्या घराच्या दारात चपला काढल्या की आईशी बोलल्यासारखं बोलता यायचं. इतर घरांपेक्षा तिथे मी दहा मिनिटं जास्त थांबायचे, आणि माझ्यासारखीला दहा मिनिटं म्हणजे चेष्टा नाही.

काकांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. आधी भात बंद झाला, मग मऊ भात, मग पेज. त्या सोमवारी मी पोचले तेव्हा काका अर्धवट उठून बसलेले, डोळे पांढरे, ओठ निळे. काकूंनी दोन चमचे पेज भरवली होती आणि ती भलतीकडे गेली होती. मी पिशवी टाकून धावले. त्यांना पुढे वाकवलं, पाठ थोपटली, तोंड साफ केलं, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने श्वास जागेवर आला. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात वाटी तशीच.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आता तोंडाने काही द्यायचं नाही. त्यांना भूक नाहीये, शरीरानेच मागणं सोडलंय. दिलंत तर आज झालं ते पुन्हा होईल, आणि पुन्हा झालं तर मी इथे असेन असं नाही.

काकू म्हणाल्या, "मला लिहून द्या. ते मागतील आणि मला राहवणार नाही. लिहिलेलं असलं की मी धरून राहीन."

आमच्याकडे अशा वेळी द्यायला छापील कागद असतो. एका बाजूला कानडी, मागे इंग्रजी. तोंडाने काही देऊ नये ही पहिली ओळ. तिच्याच खाली दुसरी, तितक्याच ठळक अक्षरांत: दर तासाला ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओली करावी. अन्नपाणी थांबलं तरी तोंड कोरडं पडू द्यायचं नसतं. या माणसांना भुकेचा त्रास होत नाही, कोरड्या तोंडाचा होतो. ते आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

मी तो कागद पिशवीतून बाहेर काढलासुद्धा होता. आणि मग मला शहाणपणा सुचला. म्हटलं, या घरात कानडी-इंग्रजी कशाला? माझी माणसं आहेत, मी माझ्या हाताने मराठीत लिहून देते. छापील कागद परत पिशवीत गेला. कौतुक करून घ्यायचं होतं मला, दुसरं काही नाही.

मराठी मी कधी लिहिलेलंच नव्हतं. शाळा कानडी, देवनागरी आली ती हिंदीच्या तासापुरती. निळं पेन घेऊन एकेक अक्षर कोरत बसले. 'तोंडाने काहीही देऊ नये. पाणीसुद्धा नाही.' खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात खालून अण्णांनी हॉर्न वाजवला. राजाजीनगरच्या पेशंटच्या मुलाचा फोन आला, बाबांची लघवीची नळी तुंबलीय, लवकर या. काकांचं तोंड मी थोड्या वेळापूर्वीच ओलं केलं होतं, पण तेव्हा काकू आत चहा टाकत होत्या. माझ्या डोक्यात ते काम झालेलं होतं, म्हणजे सांगूनही झालं असंच मला वाटलं. उठले. चपलेत पाय घालता घालता आणखी एक हुकूम सोडला, "फोनचा आवाज बंद ठेवा काकू, ते दचकतात."

काकूंनी चिठ्ठी पलंगासमोर चिकटवली. काकांनी ती पडल्यापडल्या वाचली आणि बारीक आवाजात म्हणाले, "अक्षर सुधारा." आम्ही दोघी हसलो. मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले.

पुढची खेप बुधवारी. मंगळवारी आमची गाडी दक्षिणेकडे असते. सकाळी अकराच्या सुमाराला आनेकलला एका आजींकडे होते. त्यांची सून बोम्मसंद्राला कारखान्यात कामाला, सासूसाठी रजा घेऊन घरी बसलेली. कपाटाच्या दारावर आमचा छापील कानडी कागद लावलेला. मी पिशवी उघडत होते आणि ती सून स्टीलच्या वाटीत कापूस बुडवून आजींच्या ओठांवरून फिरवत होती. आजींचे ओठ हलत होते, तान्ह्या बाळाचे हलतात तसे.

"सरी, सरी, छान करतेयस," मी म्हटलं, आणि पिशवी उघडता उघडता थांबले.

मल्लेश्वरमला मी हे सांगितलं नव्हतं. लिहिलं नव्हतं. 'पाणीसुद्धा नाही' एवढंच लिहून आले होते, खाली दोन रेघा मारून.

काकूंना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजला. मग आठवलं, आवाज बंद ठेवा म्हणून मीच सांगितलंय. लँडलाइन काकांनी कधीच काढून टाकलेली. ऑफिसला फोन केला. दुसरी गाडी व्हाइटफील्डच्या पलीकडे अडकलेली. मेसेज टाकला, पण काकू मेसेज बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते, आणि ती सून दारात उभी राहून विचारत होती, "काय झालं अक्का?" तिला काय सांगू? तुला दिला तोच कागद तिथे द्यायचा सोडून मी शहाणपणा केला म्हणून सांगू?

वाटेत बोम्मसंद्राला एक तरुण मुलगा होता. त्याच्या कळांचं इंजेक्शन द्यायचं होतं, त्याला टाळून पुढे जाता येणार नव्हतं. दिलं. हात शहाण्यासारखे काम करत होते, डोकं मल्लेश्वरमला होतं. त्याची आई कॉफी घ्या म्हणाली, तिच्यावर मी उगाच खेकसले. बाहेर आले तर अण्णा म्हणाले, "मॅडम, गाडीने गेलो तर सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्येच संध्याकाळ होईल. तुम्ही मेट्रो पकडा, पिशवी घ्या आणि पळा."

पळाले. प्लॅटफॉर्मवर पोचले तर गाडी नुकतीच गेलेली. त्या लाइनवर गाडीसाठी ताटकळावं लागतं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले, तेव्हा सिक्युरिटीवाली बाई दोनदा येऊन विचारून गेली, काही हवंय का. गाडीत बसायला जागा होती, बसवेना. दाराला धरून उभी राहिले. पिशवीत पाण्याची बाटली होती, घसा सुकला होता, पण तिचं झाकण उघडायची हिंमत होईना.

मनाशी सारखं भांडण चाललं होतं. अगं, कुणालाही सुचेल की एवढं! कुठली बाई नवऱ्याचे ओठ सुकू देईल? काकूंनी स्वतःच केलं असेल ओलं फडकं. शिकल्यासवरल्या आहेत. मग आठवायचं, अजून दोन मिनिटं आहेत. भिंतीवर लागलं की विषय संपला. आणि त्यांनी तर माझ्याकडून लिहूनच मागितलं होतं, मोह होऊ नये म्हणून! कालची दुपार, रात्र, आजची सकाळ, सगळा हिशेब डोळ्यांपुढे यायचा. आर.व्ही. रोडला गाडी बदलली, जिने चढताना एका म्हाताऱ्याला धक्का दिला, तो कानडीत मला दोन शब्द सुनावून गेला आणि बरोबरच बोलला. संपिगे रोडला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला प्रत्येक सिग्नलला विचारत होते, दुसऱ्या रस्त्याने जाता येईल का?

दार काकूंनीच उघडलं. "अहो, आज तुमचा वार नाही ना?" त्या म्हणाल्या. मी तशीच आत घुसले.

काका जागे होते. ओठांना भेगा पडून त्यात रक्त सुकलं होतं. जीभ वाळलेल्या आमसुलासारखी झालेली, टाळ्याला चिकटलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाले, पण आवाज आलाच नाही, नुसता जीभ टाळ्यापासून सुटल्याचा आवाज आला.

काकू माझ्या मागे उभ्या होत्या. थकलेल्या, पण ताठ. म्हणाल्या, "एक थेंब दिला नाही. काल संध्याकाळपासून पाणी मागत होते. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा मागितला, परत नीट वाचली. म्हणाले, 'बरोबर आहे.' मग नाही मागितलं."

बरोबर आहे! मला ओरडावंसं वाटलं की बरोबर नाही, काका, चूक आहे, ती चिठ्ठी लिहिणारी मूर्ख आहे. काकू मात्र माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शाबासकी नको होती त्यांना. फक्त चुकलं नाही ना, एवढंच हवं होतं.

आणि मी म्हटलं, "आता ओठ ओले केले तर चालेल, काकू. आता."

त्या एका 'आता'ने मी स्वतःला वाचवलं. काल चालत नव्हतं, आज चालतं, जसा काही नियमच आहे. काकूंनी लगेच विश्वास ठेवला. मी वाटीत पाणी घेतलं, बोटाला कापड गुंडाळलं, बुडवून पिळलं आणि त्यांच्या ओठांवरून फिरवलं. मग जिभेवरून. काकांनी ओठ मिटले आणि बोट धरून ठेवलं. सोडेचनात. डोळे मिटून ते कापड चोखत होते. मला रडू आलं, ते मी पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं दाखवून लपवलं. मग काकूंना शिकवलं. पुढचं कापड त्यांनीच पिळून फिरवलं. त्या संध्याकाळपर्यंत मी तिथे बसले. एका जागी, पहिल्यांदाच.

निघण्याआधी चिठ्ठीवर दुसरी ओळ लिहिली. निळं पेन व्हॅनमध्ये राहिलं होतं, काकूंच्या काळ्या पेनाने लिहिली. 'दर तासाला ओल्या कापडाने ओठ व जीभ ओली करावी.'

काका गुरुवारी सकाळी गेले. काकूंनी फोनवर सांगितलं, "ओठ ओले करत होते हो, तेव्हाच गेले." मी बरं झालं म्हटलं, आणि ते खरंच बरं झालं होतं. पण मला चैन पडेना.

आमच्या मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी मला फैलावर घेतलं, छापील कागदाशिवाय घरातून निघायचं नाही म्हणून बजावलं. मग जरा निवल्यावर म्हणाल्या, "आता काकूंना सांगून कुणाचं भलं होणार आहे? त्या बाईच्या जिवाला आयुष्यभराचा घोर लावशील. गप्प राहा." त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. पण मी गप्प राहणार होते ते काकूंसाठी की माझ्यासाठी, हे मला कळत होतं आणि त्यानेच जास्त संताप येत होता.

दिवसकार्य झाल्यावर पेशंटच्या घरी एकदा जाऊन यायचं, ही आमच्या कामातली रीत आहे. मी दोनदा पुढे ढकललं. शेवटी अण्णांनीच गाडी त्या गल्लीत नेऊन उभी केली. दुपारची वेळ होती, ऊन होतं. काकूंनी दार उघडलं, या म्हणाल्या. मी पलंगाच्या खोलीत जाऊन बसले. पलंग आवरलेला होता. चिठ्ठ्या सगळ्या जागच्या जागी, माझीही. एरवी त्या घरात पाऊल टाकलं की हातात पाण्याचं भांडं यायचं. त्या दिवशी आलं नाही. मी म्हटलं, दुःखात आहेत, राहिलं असेल.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग काकू म्हणाल्या, "तुम्हाला एक विचारू? ती चिठ्ठी मी रोज वाचते. वरची ओळ निळी आहे, खालची काळी. खाली तारीख नाही. हे असते तर म्हणाले असते, तारीख कुठाय?"

मी चिठ्ठीकडे बघितलं.

"खालचं आधीपासूनच चालत होतं का हो? सोमवारपासून?"

'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. शब्द तोंडापर्यंत आलाही होता. माझे पाय चपलेकडे वळले होते, खाली अण्णा होते, पुढे तीन घरं होती. पण त्यांनी निळी आणि काळी ओळ वेगळी करून वाचली होती. त्या बाईला मी आणखी काय वाचायला देणार होते?

"हो," मी म्हटलं. "सोमवारपासून चालत होतं. मी लिहायचं विसरले. घाईत होते. मंगळवारी येऊन 'आता चालेल' म्हटलं ते खोटं होतं. तुम्ही लिहिलं होतं तसंच केलंत, काकू. चूक माझी आहे."

काकू मांडीवरच्या पदराची घडी घालत राहिल्या, उलगडून परत घालत राहिल्या. मग उठून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आतून भांड्याचा आवाज नाही, रडण्याचाही नाही. मला उठून पळून जावंसं वाटत होतं, आणि मी बसून राहिले.

त्या आल्या त्या तांब्या-भांडं घेऊन. भांड्यात काठोकाठ पाणी ओतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"प्या."

"नको काकू."

"उन्हातून आलाय. प्या."

मी घेतलं. घोटभर प्यायले आणि भांडं खाली ठेवायला वाकले. काकू समोर उभ्याच होत्या. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"एवढंच मागत होते हो ते," त्या म्हणाल्या.

मग माझ्या हातातल्या भांड्याकडे बघून म्हणाल्या, "ठेवू नका तसंच. संपवा."

मी संपवलं.